खोली आहे, पण तुम्हाला नाही

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामू, यीवूला चाललोय. माल बघायला. पण तिथं काही हॉटेलं परदेशी माणसाला घेतच नाहीत म्हणे. खरंय का? मग हॉटेल निवडायचं कसं?"

भाच्याचं दुकान मिरजेत आहे. आडनाव मणेर आणि धंदाही मणेराचाच. काचेच्या बांगड्या अजून फिरोजाबादहून येतात. पण टिकल्या, केसांच्या क्लिपा, खड्यांच्या बांगड्या, इमिटेशनचे सेट, हा बराचसा माल चीनचा असतो. आधी दाजी तो मुंबईच्या होलसेलवाल्याकडून घ्यायचे, पुढे स्वतःच जाऊ लागले. आता दाजी गल्ल्यावर बसतात आणि धावपळ भाचा करतो. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून त्याचं मन तिकडे लागलं होतं.

फोनवर त्याला मी हॉटेल निवडायच्या चार युक्त्या सांगितल्या. त्या इथं लिहितोच, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. पण एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली. खरं म्हणजे सांगावीशी वाटली नाही. तीही लिहितो.

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दाजींबरोबर चीनला गेलो होतो. मी शाळामास्तर. दाजी म्हणाले, "तुला इंग्रजी येतं, चल सोबतीला." तिथं माझ्या इंग्रजीचा कुणालाही उपयोग नव्हता, हे पहिल्याच दिवशी कळलं. दाजींचं काम मात्र कॅल्क्युलेटरवर झकास चालायचं. ते आकडा दाबून पुढे करायचे, समोरची बाई दुसरा आकडा दाबून परत करायची आणि सौदा व्हायचा.

यीवूत राहण्याची अडचण आली नाही. ते गाव व्यापारावरच उभं आहे. बाजाराच्या आसपासच्या हॉटेलांत भारतीय, पाकिस्तानी, अरब, आफ्रिकी अशी सगळी मंडळी. पासपोर्टची नोंद कशी करायची, हे काउंटरवरच्या पोरीला झोपेतही जमावं. मोठी मशीद आहे, जुम्म्याला तिथं जगभरचे चेहरे दिसतात. बिर्याणीही मिळते.

अडचण आली ती फूच्यांगला. यीवूहून जवळच असलेलं हे गाव काचेच्या खड्यांच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. दाजींना एका कारखान्यात नमुने बघायचे होते. बघता बघता रात्र झाली आणि उरलेले नमुने सकाळी आठला मिळणार होते. दाजी म्हणाले, "परत कशाला जायचं? इथंच कुठंतरी पाठ टेकू." रस्त्यावर हॉटेलांच्या पाट्या लखलखत होत्या.

पहिल्या हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे पाहून नुसता हात हलवला. दुसऱ्या हॉटेलातल्या माणसाने मोबाईलवर काहीतरी बोलून भाषांतर आमच्यापुढे धरलं: आमच्याकडे परदेशी पाहुणे राहू शकत नाहीत. तिसऱ्या ठिकाणच्या मुलीने निदान पासपोर्ट हातात घेतला. पानं उलटली, संगणकाकडे पाहिलं, कुणाला तरी फोन केला आणि दोन्ही हातांनी, मान झुकवून पासपोर्ट परत दिले. तिच्या मागच्या फळीवर खोल्यांच्या किल्ल्या लटकलेल्या दिसत होत्या.

माझे कान तापले. हे ऐकून मी थोडा आवाज चढवून तिला काहीतरी सांगू लागलो, इंग्रजीत. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. दाजींनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. मी म्हणालो, "दाजी, इथंही तेच?" ते म्हणाले, "अरे, तिला आपलं नाव वाचता तरी येतं का? ती पासपोर्टला नाही म्हणतेय. आपल्याला नाही."

तेव्हा ते बोलणं मला पटलं नाही. कारण माझ्या डोक्यात त्याच वर्षीचा जून होता.

लेकीचं पुण्याला कॉलेज सुरू होणार होतं. एका ठिकाणी फोनवर बोलणं झालं. बाई गोड बोलल्या. "दोन मुली आहेत, तिसरीची जागा रिकामी आहे. बॅगा घेऊनच या." आम्ही बॅगा घेऊनच गेलो. लेक खाली रिक्षात बसली आणि मी वर गेलो. बाईंनी पाणी दिलं, खोली दाखवली. मग वही काढून विचारलं, "नाव काय लिहू?" मी नाव सांगितलं. पेन वहीवर टेकलेलंच राहिलं. "अहो, माझं काही नाही हो. पण बाकीच्या मुली व्हेज आहेत. त्यांच्या घरच्यांना विचारायला हवं."

मी म्हणालो, "माझी मुलगी खोलीत अंडंसुद्धा आणणार नाही."

हे मी बोलायला नको होतं. नकार त्यांचा होता, पण हात मी जोडले. आज इतक्या वर्षांनंतरही बाईंचं बोलणं मला तेवढं टोचत नाही, जेवढं माझं टोचतं. खाली येऊन लेकीला म्हणालो, "जागा भरली म्हणे." ती काहीच बोलली नाही. तिला सगळं कळलं होतं आणि तिला कळलंय हे मलाही कळलं होतं. रिक्षावाल्याने विचारलं, "आता कुठं?"

फूच्यांगच्या रस्त्यावर मला तोच रिक्षावाला आठवत होता.

शेवटी भुकेने एका नूडलच्या दुकानात शिरलो. हिरव्या पाटीवर 'छिंगचन' ही दोन चिनी अक्षरं होती. म्हणजे शुद्ध आणि सत्य. चीनमध्ये हलालला हाच शब्द आहे. मालकाच्या डोक्यावर पांढरी टोपी. आम्ही सलाम केला तसा त्याचा चेहरा उजळला. तो छिंगहाय प्रांतातला, ह्वे मुसलमान. चीनभर बीफ नूडलची अशी दुकानं चालवणारे बरेच लोक तिकडचेच असतात. खाणं झाल्यावर दाजींनी त्याला खुणेनं सांगितलं: झोप, हॉटेल, नाही. त्याने वरच्या माळ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच थांबला. मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं: तुम्ही माझ्या घरी राहिलात तर पोलीस ठाण्यात नोंद करावी लागेल. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण होतं आणि थोडी भीतीही. आम्ही हसून मान डोलावली. मग त्याने पाच-सहा फोन केले. दुकान पोरावर सोपवून आम्हाला एका मोठ्या हॉटेलपर्यंत चालत घेऊन गेला आणि आमची नोंद पूर्ण होईपर्यंत उभा राहिला. खोली आमच्या हिशेबाच्या तिप्पट महाग होती. दाजींनी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

खोलीत गेल्यावर लेकीचा मेसेज पाहिला. "अब्बा, जेवलात का? खोली मिळाली का?"

तो नकार कशामुळे होता, हे मी परत आल्यावर नीट समजून घेतलं. चीनमध्ये हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाची माहिती पोलिसांकडे पाठवणं ही हॉटेलची जबाबदारी आहे. चिनी नागरिकाचं ओळखपत्र यंत्रावर ठेवलं की काम झालं. परदेशी पासपोर्टचं तसं नाही. नाव, व्हिसा, प्रवेशाचा शिक्का, सगळं वेगळं भरावं लागतं. लहान हॉटेलांत ते कुणाला येत नाही. चुकलं तर दंड. शिवाय एके काळी परदेशी पाहुणे ठेवायला ठरावीक हॉटेलांनाच परवानगी असायची. ती पद्धत मागे पडली तरी सवय राहिली. त्यामुळे 'वाइपिन', म्हणजे परदेशी पाहुणा, दारात आला की हात हलवणंच त्यांना सोपं वाटतं. आपल्याकडेही परदेशी माणूस उतरला की लॉजवाल्याला २४ तासांत फॉर्म भरावा लागतो. ती कटकट नको म्हणून आपले लहान लॉजवालेही गोऱ्या पाहुण्याला "फुल्ल आहे" म्हणून सांगतातच की.

आता भाच्याला सांगितलेल्या युक्त्या.

पहिली गोष्ट, जिथं परदेशी लोक आधी राहून गेलेत तिथंच राहायचं. बुकिंगच्या ॲपवर अभिप्राय वाचताना नावं बघायची. भारतीय, अरबी, रशियन नावं दिसली की काम सोपं. काही हॉटेलांच्या माहितीत खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की फक्त चीनच्या मुख्य भूमीतले नागरिक चालतील. ती ओळ शोधायची. फोटो आणि भाडं नंतर.

दुसरी, बुकिंग करताच ॲपवरून हॉटेलला लेखी विचारायचं: तुम्ही भारतीय पासपोर्टवाल्या पाहुण्याला घेता का? प्रश्न चिनीत भाषांतर करून पाठवायचा. उत्तर आलं की त्याचा फोटो जपून ठेवायचा. रात्री काउंटरवर माणूस बदललेला असतो, तेव्हा तो फोटो दाखवता येतो.

तिसरी, पैसे आगाऊ भरायचे नाहीत. फुकट रद्द होणारं बुकिंग घ्यायचं. जवळच्या दुसऱ्या मोठ्या हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरांत मोबाईलमध्ये ठेवायचा. आणि शक्यतो उजेडी पोचायचं. रात्री अकराला नकार मिळाला की माणसाची अक्कल काम करत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

चौथी खास आपल्या लोकांसाठी. आपल्यात कित्येकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. सगळं नाव एकाच रकान्यात. ॲपला मात्र आडनाव लागतंच. तिथं मनानं काहीतरी भरलं तर पासपोर्टशी जुळत नाही आणि काउंटरवर गोंधळ होतो. हॉटेलला तेही आधीच लिहून कळवावं. मूळ पासपोर्ट प्रत्येकाचा जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही.

मित्राकडे किंवा एखाद्याच्या फ्लॅटवर राहणार असाल तर पोचल्यापासून २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. तिथल्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. डॉक्टरी शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना हे ठाऊक असतं, त्यांना भेटायला जाणाऱ्या आईबापांना नसतं.

आणि एक चांगली बातमी. मे २०२४ मध्ये चीनच्या वाणिज्य मंत्रालयासह सात खात्यांनी मिळून सूचना काढली, की परदेशी पाहुणे ठेवण्याची पात्रता नाही या सबबीखाली कोणत्याही हॉटेलने नकार देऊ नये. कागदावरचं काउंटरपर्यंत उतरायला वेळ लागतो, म्हणून वरच्या युक्त्या सोडू नयेत. पण आता नकार मिळाला तर ही सूचना दाखवता येते. तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या १२३६७ या नंबरवर इंग्रजीत बोलता येतं.

म्हणजे दाजींचं बरोबर होतं. तो नकार पासपोर्टला होता. त्याचं कारण सांगता येत होतं, म्हणूनच ते दूर करायला निदान सुरुवात झाली. पुण्याच्या नकाराला कारणच नव्हतं. होतं ते "माझं काही नाही हो." त्याच्यावर कोणतं खातं कोणती सूचना काढणार?

पण हे लिहून मी चीनला शाबासकी देऊन मोकळा झालो तर ते खोटं ठरेल. चिनी नागरिकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात छापलेली असते. आमच्या नूडलवाल्याच्या कार्डावर 'ह्वे' असणार. शिंच्यांगच्या मुसलमानाच्या कार्डावर 'उइघुर' असतं. आणि उइघुर माणूस चीनच्याच दुसऱ्या शहरात गेला तर त्याला हॉटेलात खोली नाकारली जाते, अशा बातम्या आणि मानवी हक्क संघटनांचे अहवाल वर्षानुवर्षे येत आहेत. आमच्या हातात परक्या देशाचा पासपोर्ट तरी होता. त्याच्या हातात त्याच्याच देशाचं कार्ड असतं. २०२४ ची ती सूचना त्याच्यासाठी नाही, कारण तो परदेशी नाही. आपल्या आधार कार्डावर धर्माचा रकाना नाही. ते काम आपलं नावच करतं.

नूडलवाल्याची भीती मला त्या रात्री नीट कळली नव्हती. पाहुण्याला घरी ठेवू न शकलेला तो माणूस आमच्यासाठी दुकान सोडून चालत आला आणि नोंद होईपर्यंत हलला नाही, ते का, हे आता थोडं कळतं.

लेकीला पुढे पुण्यात खोली मिळाली. एका निवृत्त पोस्टमास्तर काकांकडे. त्यांनी नाव विचारलं, लिहिलं आणि किल्ली दिली. ती तिथं तीन वर्षं राहिली. ईदला डबा जायचा, दिवाळीला फराळ यायचा. असेही लोक आहेत आणि त्यांच्यामुळेच आपलं चाललंय.

भाच्याला फोनवर हे काही बोललो नाही. त्याला एवढंच सांगितलं, "नाही म्हणाले तर भांडू नकोस आणि हातही जोडू नकोस. कारण विचार. कारण सांगता आलं तर उपाय शोध. नाही आलं तर पुढचं दार बघ."

तो म्हणाला, "बरं मामू. पण कारण चिनीत कसं विचारायचं?"

ते मला अजून येत नाही. मराठीत विचारायलाही मला तेव्हा जमलं नव्हतं.