वायोमिंगचे बंद कोपरे

वायोमिंगमध्ये बिऱ्हाड हलवलं, घर भाड्याने घेतलं, गाडीला तिथली नंबरप्लेट लावली, मुलीला तिथल्या शाळेत घातलं, तरी शिकारीच्या कायद्याच्या लेखी माणूस पूर्ण एक वर्ष परकाच राहतो. पाटण तालुक्यातून निघून पेनसिल्व्हेनियामार्गे वायोमिंगमधल्या रॉलिन्सला पोहोचलेल्या माझ्या अभियंता मित्राला हे परवान्याच्या काउंटरवर कळलं आणि त्याचा सल अजून गेलेला नाही. तेव्हा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या परवान्याला रहिवाशाला ५७ डॉलर लागत आणि बाहेरच्याला ६९२. जास्तीचे पैसे भरायलाही तो तयार होता. पण बाहेरच्यांच्या परवान्यांच्या सोडतीचे अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच बंद झाले होते आणि हा तिथे उतरला २०२२ च्या जूनमध्ये. एल्कचा हंगाम त्याच्यापुरता सुरू होण्याआधीच संपला होता.

त्याच्या पूर्वायुष्यात फारसं शिरायला नको. पवनचक्क्या हा त्याचा धंदा. वनकुसवड्याच्या पठारावर त्या उभ्या राहताना पाहत तो मोठा झाला, पुढे त्याच कामासाठी अमेरिकेत गेला. गावाकडे शिकार म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झालेली आणि वडीलधाऱ्यांनी आवाज खाली आणून सांगायची गोष्ट. रानडुकरांनी रातोरात उकरलेलं भुईमुगाचं वावर मात्र त्याने लहानपणी अनेकदा पाहिलेलं. पेनसिल्व्हेनियात चित्र अगदी उलटं निघालं. तिथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीसाठी कित्येक शाळांना सुट्टी असते. कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी त्याला सोबत नेलं, सुरक्षेचा अभ्यासक्रम करायला लावला. तो तेव्हा कामाच्या व्हिसावर होता. अशा परदेशी माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे, पण शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. म्हणून आधी परवाना आणि मग बंदूक, असा त्याचा क्रम झाला. ग्रीन कार्ड नंतर आलं.

पेनसिल्व्हेनियातली मोठी सोय म्हणजे ‘स्टेट गेम लँड्स’. शिकाऱ्यांच्या परवान्याच्या पैशातून राज्याने १९२० पासून विकत घेत आणलेली ही रानं आज सुमारे १५ लाख एकर भरतात. रस्त्याकडेला पाटी दिसते, गाडी लावायला जागा असते, माणूस उतरतो आणि आत जातो. कोणाच्या दारावर थाप मारावी लागत नाही. वायोमिंगची जवळपास निम्मी जमीन केंद्र सरकारची, म्हणजे जनतेची, हे त्याने वाचलेलं होतं. तिथे तर याहून मोकळं असणार, असा त्याचा हिशेब होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. नकाशाच तसा दिसतो.

तो नकाशा मात्र नीट वाचावा लागतो. रॉलिन्सच्या आसपासचा मुलूख फोनवर उघडला की बुद्धिबळाचा पट समोर येतो. एक चौरस मैल सरकारी, एक चौरस मैल खासगी, पुन्हा सरकारी, पुन्हा खासगी. याचं मूळ १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यात आहे. खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ टाकायला सरकारकडे रोकड नव्हती, जमीन मात्र होती. रुळांच्या दोन्ही बाजूंना, १८६४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येकी वीस मैलांपर्यंत, एक सोडून एक अशा ६४० एकरांच्या चौकटी युनियन पॅसिफिक कंपनीला मिळाल्या. विषम क्रमांकाच्या कंपनीला, सम क्रमांकाच्या सरकारला. कंपनीने आपल्या चौकटी पुढे मेंढपाळांना, गुरं पाळणाऱ्यांना, कोळसा कंपन्यांना विकल्या. सरकारच्या चौकटी तशाच राहिल्या. प्रत्येकीला चारही बाजूंनी खासगी जमीन लागलेली आणि दुसऱ्या सरकारी चौकटीशी तिची गाठ फक्त कोपऱ्यावर, एका बिंदूत पडते.

त्या बिंदूवरून पाऊल टाकून एका सरकारी चौकटीतून दुसऱ्या सरकारी चौकटीत जायचं की नाही, हा प्रश्न पश्चिमेत शतकभर लोंबकळत पडला होता. पाऊल खासगी मातीला लागत नाही हे खरं, पण खांदा आणि कोपर खासगी जमिनीवरच्या हवेतून जातात. ती हवा मालकाची, म्हणून हा अतिक्रमणाचा गुन्हा, असा जमीनमालकांचा दावा. ऑनएक्स या नकाशा बनवणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा पश्चिमेच्या राज्यांत अशा कोपऱ्यांमागे अडकलेली सार्वजनिक जमीन ८३ लाख एकर निघाली.

माझा मित्र रॉलिन्सला पोहोचला तेव्हा गावात बोलायला दुसरा विषय नव्हता. आंतरराज्य महामार्ग ८० वरून लॅरामीकडे जाताना उजव्या हाताला एल्क माउंटन दिसतो. उंची ११,१५६ फूट, आजूबाजूला सपाट माळ, त्यामुळे डोंगर लांबूनच नजरेत भरतो. त्याच्या अंगाखांद्यावर सरकारी जमिनीच्या चौकटी विखुरलेल्या आहेत आणि त्यांना वेढून उत्तर कॅरोलिनातल्या एका धनाढ्य औषध उद्योजकाचं रँच आहे. मिसुरीहून, म्हणजे परराज्यातूनच, आलेले काही शिकारी २०२० मध्ये नकाशा आणि जीपीएस घेऊन एका कोपऱ्यावर पोहोचले. मोजणी खात्याचा धातूचा बिल्ला जमिनीत होता. त्याच्या दोन अंगांना दोन लोखंडी खांब ठोकलेले, मध्ये साखळी, वर ‘प्रवेश बंद’च्या पाट्या. पुढे-मागे बऱ्याच अंतरापर्यंत कुंपण नावाला नाही. बंदोबस्त केला होता तो फक्त त्या एका बिंदूचा. शिकाऱ्यांनी खांबाला धरून वळसा घेतला आणि पलीकडच्या सरकारी जमिनीवर उतरले. पुढल्या वर्षी ते खांबालाही हात लागायला नको म्हणून लोखंडी शिडी बनवून घेऊन आले. ती दोन्हीकडच्या सरकारी जमिनीवर टेकवायची, एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. खासगी मातीला पायाचा अंगठाही लागला नाही.

तरी त्यांच्यावर फौजदारी खटला झाला. २०२२ च्या एप्रिलमध्ये रॉलिन्सच्याच न्यायालयात ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. तेवढ्याने भागलं नाही. मालकाच्या कंपनीने त्याआधीच दिवाणी दावाही लावला होता आणि त्यात पुढे नुकसानीचा आकडा मांडला ७७ लाख ५० हजार डॉलर. कशाचं नुकसान? गवत तुडवलं गेलं नव्हतं, तार तुटली नव्हती, गुरांना इजा नव्हती. हिशेब असा, की रँचची किंमत ३ कोटी ११ लाख डॉलर आणि लोकांना कोपऱ्यावरून जाऊ दिलं तर ती पाव हिश्शाने घसरेल.

हा युक्तिवाद पुन्हा वाचावा असा आहे, कारण सगळा अन्याय त्याच्या पोटात आहे. लोक आपल्याच मालकीच्या जमिनीवर गेले तर शेजाऱ्याच्या मालमत्तेची किंमत पडते, याचा अर्थ त्या किमतीत लोकांची जमीन आधीच धरलेली होती. कागदावर बावीस हजार एकरांचा मालक प्रत्यक्षात त्याखेरीज हजारो एकर सार्वजनिक डोंगर उपभोगत होता, त्यावर कर न भरता, आणि तो उपभोग थांबण्याला तो नुकसान म्हणत होता. असा दावा शपथेवर मांडता येतो, त्यावर वर्षानुवर्षं वकील लढतात आणि साध्या नोकरी-धंद्यातल्या माणसांना बचावासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागते, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. १८८५ चा केंद्रीय कायदा नेमक्या याच कारणासाठी झाला होता. तेव्हाचे पशुसम्राट आपल्या चौकटींना तार मारून मधली सरकारी कुरणं गिळत होते आणि अमेरिकी काँग्रेसने ते बेकायदा ठरवलं. १९१४ मध्ये वायोमिंगमध्येच एका मेंढपाळाला न्यायालयाने याच पटावरून मेंढरं न्यायची मुभा दिली होती. एवढं सगळं लिहून ठेवलेलं असताना २०२२ मध्ये एका शिडीवरून खटला उभा राहिला.

माझ्या मित्राने त्या पहिल्या वर्षी कोपऱ्याला पाय लावला नाही. फौजदारी सुटका झाली असली तरी दिवाणी दावा पडून होता आणि ग्रीन कार्डवरच्या माणसाला गुन्ह्याच्या नोंदीची जोखीम परवडत नाही. त्यातच त्याला दुसरा नियम कळला. वायोमिंगमधल्या केंद्र सरकारच्या ‘वाइल्डरनेस’ रानात परराज्यातला माणूस मुक्काम करू शकतो, मासे पकडू शकतो, ससा मारू शकतो. पण एल्क किंवा हरणाच्या मागे जायचं तर परवानाधारक गाइड हवा, नाहीतर स्थानिक रहिवासी सोबत हवा. रान देशाचं, नियम राज्याचा. कारण सुरक्षेचं सांगतात. ज्या डोंगरात माणूस एकटा तंबू ठोकून राहिला तर चालतं, तिथेच हरणाची बंदूक हातात आली की तो वाट चुकतो, हे पटण्यासारखं नाही. गाइडांचा धंदा चालावा यासाठीच हा कायदा टिकला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरले प्राँगहॉर्न. माळावरचा हा चपळ प्राणी तिथे भरपूर आणि सोडतीनंतर शिल्लक राहिलेले माद्यांचे परवाने आधी येईल त्याला मिळतात. तसा एक त्याने घेतला. परवान्यावर विभाग छापलेला होता. त्यातली बरीचशी जमीन खासगी निघाली. इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. वायोमिंगमध्ये शिकाऱ्याला जमिनीवर पाटी नव्हती ही सबब चालत नाही. हद्द ओळखायची जबाबदारी त्याचीच. तेव्हा दारावर थाप मारण्यावाचून इलाज नव्हता.

तो ऑगस्टमध्ये गेला, हंगामाच्या खूप आधी, दिवसाउजेडी, बायको आणि मुलीला घेऊन. हे त्याला एका सहकाऱ्याने शिकवलं होतं आणि मी ते सगळ्यांना सांगतो: हंगामाच्या आदल्या संध्याकाळी, अंगात केशरी जाकीट घालून कोणाच्या अंगणात उभं राहू नये. काही दारं उघडलीच नाहीत. एका ठिकाणी आकडा सांगितला गेला, तो त्याला झेपणारा नव्हता. मेडिसिन बो नदीच्या बाजूला एका म्हाताऱ्या रँचवाल्याने मात्र ट्रॅक्टर बंद केला, नकाशा बॉनेटवर पसरायला लावला आणि आधी पंधरा मिनिटं तक्रारी ऐकवल्या. मागच्या हंगामात कोणीतरी फाटक उघडं टाकलं आणि शेजाऱ्याचे वळू त्याच्या कालवडींत शिरले. कोणी ओल्या रस्त्यावर गाडी घालून चाकोऱ्या पाडल्या. एल्क हिवाळ्यात येऊन रचलेलं गवत खातात, तारा तोडतात, त्याचा खर्च त्याच्याच बोकांडी. आणि मग म्हणाला, “प्राँगहॉर्न अल्फाल्फा खाऊन टाकतात. माद्या मारणार असाल तर या. गाडी इथे लावायची, पायी जायचं, आणि फाटक जसं असेल तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.”

तिथलं फाटक म्हणजे चार काटेरी तारा आणि त्यांना बांधलेले दांडके. शेवटचा दांडका खाली तारेच्या फासात रोवायचा आणि खांद्याने खांब कवेत दाबून वरचा फास त्यावर चढवायचा. तारा ताणलेल्या असल्या की पहिल्या खेपेला घाम फुटतो. म्हाताऱ्याने ते त्याच्याकडून करून घेतलं, पुन्हा उघडायला लावलं, पुन्हा बंद करायला लावलं आणि मगच परवानगीच्या कागदावर सही दिली.

ऑक्टोबरमध्ये त्याला मादी मिळाली. वायोमिंगच्या परवान्याला जमीनमालकाचं कूपन जोडलेलं असतं. जनावर ज्याच्या जमिनीवर पडलं त्याला ते द्यायचं, त्यावर वन्यजीव खातं मालकाला पैसे देतं. रक्कम किरकोळच, पण म्हाताऱ्याने ते कूपन जपून खिशात घातलं. मांसातला वाटा मात्र नाकारला. पुढल्या वसंतात हा त्याच्याकडे कुंपण दुरुस्त करायला गेला तेव्हा माळावर प्राँगहॉर्नची हाडंच हाडं होती. २०२२-२३ चा हिवाळा इतका कडक गेला की पुढच्या हंगामाचे परवाने खात्याला कापावे लागले.

आज तो रहिवासी आहे, एल्कचा परवाना त्याला रहिवाशाच्या दरात मिळतो. आणि एका वर्षाची अट शिथिल करावी का, असं विचारलं तर तो चक्क नाही म्हणतो. बाहेरच्यांची गर्दी वाढली, माळाला एवढी माणसं सोसत नाहीत, वर्षभर थांबायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं. याच माणसाने पहिल्या वर्षी मला फोन करून रात्री उशिरापर्यंत त्याच अटीवर संताप केला होता. मी त्याच्याशी सहमत नाही. गर्दीचं कारण खरं आहे, पण गर्दी सोडतीच्या आकड्यांनी आवरता येते. गावात राहणाऱ्या, तिथे काम करणाऱ्या माणसाला बाहेरचा ठरवण्याने ती आवरत नाही.

खासगी जमिनीबाबत माझं मत त्या म्हाताऱ्यामुळे बदललं, हेही सांगायला हवं. परवानगी मागणं यात कमीपणा नाही आणि नकार देण्याचा मालकाचा हक्क पुरा आहे. राज्याच्या ‘ॲक्सेस येस’ योजनेत असे कितीतरी मालक मोबदला घेऊन जमीन शिकाऱ्यांना खुली करतात. नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी. पायी जायच्या जागांना बहुधा वेगळी चिठ्ठीही लागत नाही, नकाशा आणि तारखा तेवढ्या पाहाव्या लागतात. पण मालकाची जमीन वेगळी आणि त्याने कोंडलेली लोकांची जमीन वेगळी.

एल्क माउंटनच्या दाव्यात केंद्रीय न्यायाधीशांनी २०२३ च्या मे महिन्यात शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२५ च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. त्यामुळे वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या सहा राज्यांत हा निकाल लागू आहे. खासगी जमिनीला स्पर्श न करता आणि नुकसान न करता कोपऱ्यावरून सार्वजनिक जमिनीत जाता येतं. मोंटाना नवव्या सर्किटमध्ये येतं. तिथलं वन्यजीव खातं कोपरा ओलांडणं अजून बेकायदाच मानतं. नोकरीच्या निमित्ताने बिलिंग्ज-बोझमनकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींनी वायोमिंगच्या निकालावर विसंबून तिथे शिडी लावू नये.