सहायक शिक्षकांचे बिऱ्हाड

आमचे धाकटे चिरंजीव व सूनबाई ही उभयता जपानात शाळांतून इंग्रजी शिकवितात, असे सांगितले की ऐकणाराच्या मुद्रेवर प्रथम कौतुक उमटते व पाठोपाठ शंका येते. इंग्रजी ही ना आपली मातृभाषा, ना त्यांची. मग नाशिककडच्या माणसाने ती जपानी मुलांस शिकवावी हे कसे? दुसरा प्रश्न बहुधा घरातील स्त्रिया विचारतात, व तो मला अधिक मार्मिक वाटतो : दोघेही सकाळीच बाहेर पडतात, तर घराचे पाहते कोण? यंदा जानेवारीपासून मार्चपर्यंत मी व आमच्या सौभाग्यवती त्यांच्या बिऱ्हाडी राहून आलो. त्या मुक्कामात या दोन प्रश्नांची उत्तरे मिळालीच, पण तिसराही एक प्रश्न उभा राहिला. त्याविषयी पुढे सांगतोच.

परदेशी तरुणांस सरकारी शाळांतून नेमण्याची योजना जपानने १९८७ साली सुरू केली. पहिल्या वर्षी ८४८ जण आले. ते अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चारच देशांतील होते. पुढे देशांची संख्या वाढत गेली व भारतातूनही थोडीबहुत मंडळी जाऊ लागली. नेमणूक एका वर्षाची. ती वर्षावर्षाने वाढविता येते, पण पाच वर्षांपलीकडे नाही. पदाचे नाव सहायक भाषाशिक्षक. वर्ग जपानी गुरुजींचा, शिस्त त्यांची, गुणही तेच देणार; सहायकाने शेजारी उभे राहून उच्चार द्यावे, मुलांस बोलते करावे. २०२० सालापासून प्राथमिक शाळेच्या पाचव्या-सहाव्या इयत्तांत इंग्रजी हा रीतसर विषय झाला. ज्या शिक्षकांनी जन्मात कधी इंग्रजी शिकविण्याची तयारी केलेली नव्हती त्यांच्याच गळ्यात तो पडल्यामुळे तेथे सहायकास बरेच मोल आले आहे. चिरंजीव एका माध्यमिक शाळेत होते. सूनबाई शेजारच्या गावी तीन प्राथमिक शाळांतून पाळीपाळीने जातात. पती-पत्नींस जवळजवळ नेमलेच पाहिजे असे बंधन सरकारवर नाही. यांस शेजारचे गाव मिळाले हे दैव.

हा मुलूख जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील शिमाने प्रांत. हिवाळाभर आभाळ भरलेले. जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री मात्र विसरू नका, अशी तिकडे म्हणच आहे.

मुख्याध्यापकांच्या अनुमतीने सूनबाईंच्या एका वर्गात मी मागे बसलो. चाळीस वर्षे खडू झिजविलेल्या माणसास दुसऱ्याच्या वर्गात बसणे हे मोठे सुख असते. दाराशी जोडे काढून आतले निराळे जोडे घालावयाचे. वर्गनायकाने आज्ञा देताच मुले उठली, वाकली, बसली. पाठ होता खाद्यपदार्थांचा. जपानी लिपीत 'न्' वगळता सुटे व्यंजन लिहिण्याची सोय नाही. प्रत्येक व्यंजनामागे स्वर हा चिकटलेलाच. ल आणि र यांसही तेथे एकच ओळ. म्हणून 'मिल्क' याचे 'मिरुकु' होते व 'हॉटेल'चे 'होतेरु'. मुले इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर ही जपानी अक्षरे लिहून ठेवतात आणि मग जन्मभर तीच वाचतात.

सूनबाईंनी फळ्यावर 'मिरुकु' लिहिले व शेवटच्या 'कु'खाली एक तिरपी रेघ ओढली. हिचा पाय मोडला, आता ही उभी राहू शकत नाही, तेव्हा हिला पटकन सोडून द्या, असे त्यांनी अभिनयाने दाखविले. मुले खदखदून हसली आणि पुढच्याच क्षणी तीस तोंडांतून शुद्ध हलन्त 'क्' बाहेर पडला. मी खुर्चीवरून उठलो नाही एवढेच! आपल्या घरी पाटीवर धुळाक्षरे गिरविताना शिकलेला तो पाय मोडका क् पूर्व समुद्राकाठी असा कामी यावा याचे मला भरते आले. आणि खरे पाहता यात परकेपणा तो कितीसा? त्यांच्या काना लिपीचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो व पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी लागतात. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून तेथे गेला. मध्येच ह कोठून आला, असे वैयाकरण विचारील. तर त्याचा प्राचीन उच्चार प असा होता, म्हणजे तो आपल्या पवर्गाच्याच जागी बसला आहे. सहवर्ती जपानी बाईंस प्रथम ही रेघ रुचली नव्हती, कारण पुस्तकात ती नाही. सूनबाईंनी दोन महिने वाट पाहिली, हट्ट धरला नाही. नंतर एके दिवशी बाईंनी स्वतःच फळ्यावर रेघ ओढली.

चिरंजीवांचाही वर्ग मी पाहिला. त्यांचे इंग्रजी सूनबाईंहून सफाईदार आहे. पण माध्यमिक शाळेवर पुढील प्रवेशपरीक्षेची छाया पडलेली. जपानी गुरुजी व्याकरण उलगडीत असतात आणि सहायकाच्या वाट्यास धडा मोठ्याने वाचून दाखविणे तेवढे येते. तासभरात चिरंजीव तीनदा बोलले.

दुपारच्या भोजनाची गोष्ट मात्र गृहिणींनी ऐकण्याजोगी आहे. शाळेत जेवण देण्याची चाल तिकडे १८८९ साली त्सुरुओका येथील एका मंदिरातील शाळेत सुरू झाली असे मानतात. आता ती प्राथमिक शाळांतून बहुतेक सर्वत्र आहे. पांढरे झगे व टोप्या चढवून मुलेच वाढतात, शिक्षकही वर्गात बसून तेच जेवतात, आणि मग सारे मिळून शाळा झाडून पुसून काढतात. त्यात शिक्षकाने फडके हाती घेतल्याने त्याचा मान कमी होत नाही. अडचण येते ती शाकाहाऱ्यास. पानात मासळी दिसली नाही तरी रस्सा सुक्या माशाच्या पाण्यात केलेला असतो. सूनबाई आपला डबा नेतात. बाईंना आपले अन्न आवडत नाही असा मुलांचा समज होऊ नये, म्हणून पहिल्याच आठवड्यात शाळेने त्यांस वर्गापुढे उभे करून कारण सांगावयास लावले. तोडक्या जपानीत त्या पाच मिनिटे बोलल्या. ज्यांस बाईंच्या चुका ऐकावयास मिळाल्या त्या मुलांस इंग्रजीत चुकण्याची भीती थोडी कमी वाटू लागली, असे त्या म्हणतात, व मला ते पटते.

आता घराचे. दोन खोल्या; त्यांतील एकीत रॉकेलची शेगडी आणि कोतात्सु, म्हणजे खाली विजेची ऊब असलेले, वरून रजई पांघरलेले बैठे मेज. बाकी घर थंडगार. जो आधी येईल त्याने भात लावावयाचा. सूनबाई लवकर परततात, चिरंजीव शाळेतील खेळांच्या मंडळांमुळे उशिरा. केरकचरा जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद असा निवडून नेमल्या दिवशी नेमल्या पिशवीत ठेवावयाचा. हे खाते चिरंजीवांचे. शेजाऱ्यांची सूचनावही घरोघर फिरते, ती वाचून शिक्का मारून पुढे पोचविणे सूनबाईंचे. रात्रीची भांडी चिरंजीवांची. पहिले दोन दिवस सौभाग्यवतींनी ती त्यांच्या हातून काढून घेतली. तिसऱ्या दिवशी सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, ते काम त्याच्या वाट्याचं आहे. आज तुम्ही घेतलंत, तर तुम्ही गेल्यावर ते माझ्याकडे येईल." सौभाग्यवतींनी भांडे खाली ठेवले. सकाळी निघताना जपानी माणूस जे म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो' असा आहे, हे ऐकून मात्र त्या फार सुखावल्या. नुसते 'जातो' म्हणणे तेथेही चालत नाही!

तिसरा प्रश्न असा. चिरंजीवांचे हे पाचवे व शेवटचे वर्ष, जुलैअखेर संपणारे, सूनबाईंचे तिसरे. पुढील वर्षासाठी होय की नाही, हे लिहून द्यावयाचा कागद आम्ही तेथे असतानाच आला व आठ दिवस कोतात्सुवर पडून राहिला. दोघांनी परत यावे, हा एक मार्ग. चिरंजीवांनी ओसाकासारख्या शहरी खाजगी नोकरी धरून एकटे राहावे, हा दुसरा. नोकरीपायी कुटुंब सोडून दूर राहण्याची रीत जपानात इतकी रुळली आहे की तिला 'तान्शिन फुनिन' असा शब्दच आहे, आणि शाळेतील सहकारी तोच सल्ला देत होते. तिसरा मार्ग, पत्नीच्या परवान्यावर तिचा अवलंबित म्हणून पतीने राहावे. अशा माणसास परवानगी काढून आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करता येते, त्याहून अधिक नाही.

येथून आमच्या थोरल्या बंधूंचे फोन येऊ लागले. पुरुषाने बायकोच्या आधारावर परमुलखात राहावे, हे त्यांच्या कल्पनेत बसेना. मी त्यांस एवढेच कळविले की सूनबाईंच्या आजी ज्या महिला विद्यापीठाच्या पदवीधर, ते महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढले ते तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचूनच. तेव्हा जपानकडून आपल्या घरात काही प्रथमच येत आहे असे नाही. बंधूंस हा युक्तिवाद वाटला नाही, व तो नव्हताही.

त्याच आठवड्यातील रविवारी आम्ही मात्सुए शहरी गेलो. १६११ साली पुरा झालेला लाकडी किल्ला तेथे आहे, आणि त्याच्या खंदकाकाठी एक जुने घर. लाफ्काडियो हर्न हा आयरिश बाप व ग्रीक आई यांचा पुत्र १८९० साली या गावी इंग्रजीचा शिक्षक म्हणून आला. दरिद्री झालेल्या सामुराई घराण्यातील सेत्सु हिच्याशी त्याचा संसार जुळला व १८९१ साली ती दोघे काही महिने त्या घरात राहिली. त्यास जपानी धड येत नसे, तिला इंग्रजी येत नसे. दोघांनी आपल्यापुरती एक मोडकी भाषा बनविली. तिने सांगितलेल्या कथांतून त्याचे १९०४ सालचे 'क्वाइदान' हे पुस्तक भरले आहे. १८९६ साली तो जपानी नागरिक झाला, तो पत्नीच्या कुळात नाव लावून. तेव्हापासून कोइझुमी याकुमो. सूनबाई ती पाटी बराच वेळ वाचीत होत्या. चिरंजीव म्हणाले, "याने तर आडनावही सोडलं. मला फक्त नोकरी सोडायची आहे."

परतीच्या गाडीत सौभाग्यवतींनी सूनबाईंस सरळ विचारले, तुला काय हवे आहे? "मला अजून दोन वर्षं आहेत," त्या म्हणाल्या, "ती मला पुरी करायची आहेत." इतके दिवस हा प्रश्न त्यांस कोणी विचारलाच नव्हता. त्या रात्री कागदावर खूण झाली. दोघांतील शिक्षक कोण हे मी दोन्ही वर्गांत पाहिले होते, म्हणून मला त्यात काही अनुचित दिसले नाही.

ऑगस्टपासून चिरंजीव स्वयंपाक करतात, डबा भरतात व संध्याकाळी घरी शिकवण्या घेतात. गावात त्यांस आता बाईंचे यजमान म्हणून ओळखतात. परवा बंधूंचा फोन झाला. परवान्याविषयी ते काही बोलले नाहीत. एवढ्या थंडीत इडलीचे पीठ आंबते कसे, असे त्यांनी विचारले. कोतात्सुच्या रजईखाली रात्रभर ठेवतो, असे चिरंजीवांनी सांगितले.