न हलणारा माणूस

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी शिडी बंद केली. आता वर शिकाऊ मुलगी चढते, मी खाली बसतो. २२ वर्षं माणसाच्या हालचालीवर दिवे चालवणारे सेन्सर लावले. पण ज्याच्यासाठी लावतो त्याच्या खुर्चीत दहा मिनिटं स्वस्थ कधी बसलोच नव्हतो.

मागच्या मे महिन्यात, नागपूरच्या एका अभ्यासिकेत, ती म्हणाली, "काका, वाचत बसा. हलू नका." दहाव्या मिनिटाला दिवे गेले. मी तिथेच होतो.

चालणारा माणूस कुठलाही सेन्सर पकडतो, वाचणारा निसटतो. नेहमीच्या पीआयआर (इन्फ्रारेड) सेन्सरला उष्णता नव्हे, उष्णतेतला बदल दिसतो. लेन्सच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात काही सरकावं लागतं. वाचणाऱ्याचा सरकतो तो पान उलटणारा हात. तोही आडवा गेला तर दिसतो, सेन्सरच्या रोखानं आला तर जवळजवळ नाहीच. त्यात नागपूरचा मे. बिनएसीच्या खोलीत भिंत ३४-३५ अंशांवर, माणसाची कातडीही तेवढीच. भिंतीपुढे माणूस जेमतेमच वेगळा उरतो. मग एकच उपाय राहतो, सेन्सरला पाठ नव्हे, हात दिसले पाहिजेत. मी तो छताच्या मधोमध बसवला होता. आर्किटेक्टला तिथे हवा होता, आणि छत देखणं दिसतंय याचा मलाही आनंद होता.

हल्ली अनेक ठिकाणी रडार सेन्सर लावतात. श्वासानं हलणारी छातीही त्याला कळते, खरं आहे. पण जिप्समच्या पार्टिशनपलीकडून जाणारा माणूसही कळतो, फिरता पंखाही कळतो. रिकाम्या खोलीत रात्रभर दिवे जळतात आणि हरित इमारतीच्या मानांकनाच्या फाइलीत सेन्सरची संख्या भरलेली असते. मला याचा राग येतो.

"काका, दिवे विझायची वेळ ३० मिनिटांवर का होती? मी दहावर आणली," तिनं वरून विचारलं.

मुलांना सारखे हात हलवावे लागतात, अशी तक्रार दोन वर्षांपूर्वी आली होती. ईसीबीसी २०१७ या इमारतींच्या ऊर्जा-संहितेप्रमाणे माणूस गेल्यावर १५ मिनिटांत दिवे विझायला हवे होते. मी ती वेळ ३० केली. तक्रार थांबली, वीज जात राहिली. चालून तपासायची मला गरज नाही, नजरेनं जागा ठरवतो, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगायचो. जागा चुकली म्हणायला जीभ रेटली नाही. त्या दिवशी तिला सांगितलं.

तिनं सेन्सर टेबलांसमोरच्या भिंतीवर नेला. मी पुन्हा बसलो, पान उलटलं, दिवे राहिले. खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर मात्र अजून अंधार होतो. येत्या मेमध्ये, भिंती तापल्या की, परत जाणार आहोत.