नव्या वाण्याची वही

गिऱ्हाइकाच्या तोंडून शब्द निघण्यापूर्वीच त्याच्या मनातली वस्तू पुढे करणे, ही व्यापाराची फार जुनी विद्या आहे. हिंगोलीच्या पेठेत ज्यांचे आयुष्य गेले त्यांस तिचे प्रात्यक्षिक निराळे सांगावयास नको. पोळा जवळ आला की वाणी न विचारता पुरणाची डाळ आणि गूळ मोजावयास घेतो. त्याची उधारीची वही म्हणजे प्रत्येक घराचा अर्धा इतिहासच होय. पण त्या वहीबरोबर त्याच्यापाशी आणखी एक गुण असतो; तो म्हणजे कोणत्या वेळी काय बोलू नये याचे भान. सुतक असलेल्या घरच्या माणसापुढे तो पेढ्यांची गोष्ट काढीत नाही.

हल्ली आमच्या घरात दुसऱ्या एका वाण्याने प्रवेश केला आहे. तो मोबाइलच्या काचेआड बसतो, रात्री-अपरात्री जागा असतो, आणि ‘हेही आपणांस आवडेल’ असे म्हणून एकामागून एक जिन्नस पुढे मांडतो. त्याची विद्या फारशी गूढ नाही. ॲमेझॉन या अमेरिकन दुकानाने १९९८ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि २००३ साली लिंडन, स्मिथ व यॉर्क या तिघांनी ती एका लेखात उघड करून सांगितली. तिचे सार इतकेच की, माणसाशी माणूस ताडून पाहण्याऐवजी यंत्र वस्तूशी वस्तू ताडून पाहते. ज्या दोन वस्तू पुष्कळ लोकांनी घेतल्या, त्यांची सोयरीक ते आधीच लावून ठेवते. आपण त्यांतली एक घेतली की दुसरी दारात उभी! पुढे या विद्येत पुष्कळ भर पडली. तथापि तिचा पाया हाच.

ही सोयरीक बहुमताने ठरते, आणि बहुमताला वसमतचे शिवार ठाऊक नसते. ज्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच तालुक्यातील आमच्या एका आप्तांनी शिजविलेली हळद वाळत घालण्यासाठी ताडपत्री मागविली. पुढचे पंधरा दिवस त्यांस डोंगरात मुक्काम करण्याचे तंबू दाखविण्यात आले. ते हसले, आम्हीही हसलो.

पण सर्वच चुका हसण्याजोग्या नसतात. आमचे वडील अखेरचे आठ महिने अंथरुणाला खिळून होते. त्या काळात लागणारी मेणकापडे, हवेची गादी, औषधी पावडर हे सर्व आम्ही अशाच एका दुकानातून मागवीत असू. ते गेले. तेराव्यानंतर तीन आठवडेही लोटले नसतील, मातोश्रींनी नातवाच्या वह्या पाहण्यासाठी मोबाइल उघडला, तो वर अक्षरे होती, ‘पुन्हा घेण्याची वेळ झाली’, आणि खाली तेच मेणकापड. त्या काही बोलल्या नाहीत. मोबाइल पालथा ठेवून देवघरात निघून गेल्या. यंत्राच्या ठायी दुष्टपणा नव्हता. सुतक पाळावयाचे तर ते आधी कळावे लागते.

तेव्हा आम्ही या वाण्याची वही उघडली. ती गिऱ्हाइकास उघडता येते, हेच पुष्कळांस ठाऊक नसते. बहुतेक मोठ्या दुकानांत ‘आपले खाते’ या सदराखाली पाहिलेल्या वस्तूंची यादी असते. तीतली एकेक वस्तू काढून टाकता येते. काही ठिकाणी यादी ठेवणेच बंद करता येते, आणि विकत घेतलेली वस्तूही शिफारशीसाठी धरू नये असे सांगता येते. दुसऱ्यास भेट देण्यासाठी घेतलेल्या वस्तूंस हा उपाय विशेष लागू पडतो. घरातील पाच माणसे एकाच खात्यावर खरेदी करीत असतील, तर यंत्राच्या हिशेबी त्या पाचांचे मिळून एक सहावेच माणूस तयार होते आणि शिफारशी त्याला होतात. म्हणून खाती निराळी असावीत. सहज चौकशी करावयाची असल्यास ती खात्यातून बाहेर पडून करावी. मात्र ‘प्रायोजित’ अशी खूण असलेला माल पैसे भरून पुढे आलेला असतो. वही पुसल्याने तो हटत नाही. आमच्या पडद्यावरून ती मेणकापडे हळूहळू नाहीशी झाली.

कायदाही अगदीच मुका नाही. मालाचा क्रम मुख्यतः कोणत्या निकषांवर लावला जातो हे अशा बाजारपेठांनी सोप्या भाषेत सांगावे, असे २०२० चे ई-वाणिज्य नियम म्हणतात. खोटी घाई लावणे आणि न विचारता टोपलीत वस्तू घालणे यांस नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करवून घेण्याची व पुसवून घेण्याची तरतूद आहे.

यावर कोणी म्हणतील, यंत्राला आणखी माहिती द्या. घरातले दुःख त्यास कळवा, म्हणजे ते दुःखाचा मान राखील. आम्हांस हा मार्ग पसंत नाही. पेठेतल्या वाण्याला आमचे दुःख कळते, कारण तो खांदा द्यावयास आलेला असतो. त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही अक्षता टाकलेल्या असतात, आणि त्याच्या अडचणीच्या वर्षी कोणी किती सांभाळून घेतले हेही उभयतांस ठाऊक असते. तेथे ओळख दुहेरी आहे. काचेआडच्या वाण्याला आमचे सर्व कळावे आणि आम्हांस त्याचे काहीच कळू नये, या व्यवहारास ओळख कोण म्हणेल?

म्हणून शिफारशी सुधारणे याचा आमच्या मते खरा अर्थ वहीत भर घालणे हा नसून, जे घराला बोचते ते खोडणे हा आहे. बाकी ताडपत्री घेणाऱ्यापुढे त्याने खुशाल तंबू मांडावेत. आपल्याविषयी त्याला अजून थोडे कमीच ठाऊक आहे, याची ती पावती समजावी.