गाडीची काच नक्की कुणाच्या हातात?

नवी गाडी बघायला गेलो की आपण काय काय विचारतो? मायलेज किती, डिकी केवढी, आणि हल्ली घरातल्या लहानांचा ठरलेला प्रश्न, "सनरूफ आहे ना?" पण काच वर-खाली करायचं बटण कुठे आहे, आणि ते दाबल्यावर काच वर जाते की ओढल्यावर, हे कुणीच विचारत नाही. मी पोटापाण्यासाठी कंटेंट लिहिते. गाड्यांच्या माहितीत 'पॉवर विंडो' हे दोनच शब्द असतात, त्यापुढे काही नसतं. तुम्ही मात्र यापुढे हे आवर्जून विचारा. का, ते सांगते.

माझी मावशी कोलकात्यात खिदिरपूरला राहते. काकांची सगळी नोकरी तिथल्या गोदीतच गेली. तिच्याकडे गेले की एकदा तरी पिवळ्या टॅक्सीत बसायचं हा माझा नेम. ही अँबेसेडर गाडी याच हुगळी नदीच्या काठावर, उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार व्हायची. २०१४ मध्ये ते काम थांबलं. आता अशा टॅक्सी रस्त्यावर फारच कमी उरल्या आहेत. त्यांच्या काचेला बटण नाही, फिरवायचं हँडल. एकदा तर दाराला हँडलच नव्हतं. पाऊस आला तेव्हा टॅक्सीवाल्या दादांनी पुढून एक सुटं हँडल माझ्या हातात दिलं. "लावा, फिरवा, परत द्या!"

तेव्हा मी हसले होते. पण त्या हँडलमध्ये एक मोठा गुण होता, तो मला मागच्या पावसाळ्यात कळला.

मावशीकडे माझी चार वर्षांची भाची आली होती. काका आम्हाला त्यांच्या जुन्या, सेकंडहँड गाडीतून फिरायला घेऊन निघाले. खिदिरपूरच्या गोदीच्या तोंडाशी बास्क्युल पूल आहे. जहाज आत-बाहेर जायचं असलं की रस्ताच मधून वर उचलला जातो आणि दोन्हीकडची वाहतूक थांबते. आम्हीही थांबलो. इंजिन बंद, पण पंख्यासाठी चावी फिरवलेलीच होती. "आत्या, रस्ता उभा राहिला!" म्हणत भाची दाराच्या हात टेकायच्या पट्टीवर गुडघे टेकून चढली आणि दोन्ही हात बाहेर काढून बघायला लागली.

काचेचं बटण त्याच पट्टीवर होतं. पुढचं टोक दाबलं की काच खाली, मागचं दाबलं की वर. तिचा गुडघा मागच्या टोकावर पडला आणि काच वर सरकायला लागली. ती किंचाळली. काकांनी स्वतःच्या दारातल्या बटणाने काच झटकन खाली घेतली. तिच्या दंडावर लाल वळ उठला, तेवढ्यावरच निभावलं. हातांऐवजी मान बाहेर असती तर? त्या विचाराने मावशीला रात्रभर झोप लागली नाही.

मग मी जरा वाचलं. अमेरिकेत अशाच प्रकारे मुलं दगावली होती. कुणाचा गुडघा, कुणाचं पाऊल बटणावर पडून काच बंद झाली होती. म्हणून २००४ मध्ये तिथल्या रस्ते सुरक्षा संस्थेने अशा उघड्या बटणांविरुद्ध नियम केला. पुढच्याच वर्षी कायदा झाला, की काच बंद करायचं बटण वर ओढायचंच असलं पाहिजे. किती साधा उपाय! गुडघा दाबू शकतो, ओढू शकत नाही.

बटणाची जागाही महत्त्वाची. क्विड, एस-प्रेसो अशा छोट्या गाड्यांत पुढच्या काचांची बटणं डॅशबोर्डच्या मध्यावर असतात. तिथे मागच्या सीटवरच्या मुलांचा पाय पोचत नाही, पण सवय होईपर्यंत चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हटते. बऱ्याच गाड्यांत चालवणारा चारही काचा स्वतः बंद करू शकतो. पण मागच्या काचेत कुणाचा हात आहे, हे त्याला पाठीमागे दिसत नाही.

इथेच ते हँडल आठवतं. हँडल फिरवताना मध्ये काही आलं की हाताला लगेच जड लागायचं आणि हात थांबायचा. बटणाला ते कळत नाही. काही गाड्यांत अडथळा आला की काच आपोआप मागे फिरते, पण अनेकदा ही सोय फक्त चालवणाऱ्याच्या काचेला असते. जे काम हात करायचा, ते आता डोळ्यांनी करायला हवं.

तर या रविवारी गाडी धुताना पाच मिनिटं काढा. मागची बटणं दाबायची आहेत की ओढायची, ते बघा. काच आपोआप मागे फिरते का, हे गाडीच्या पुस्तिकेत वाचा; हात घालून तपासू नका. चालवणाऱ्याच्या दारावर मागच्या काचा लॉक करायचं बटण असेल, तर मुलं गाडीत असताना ते लावून ठेवा. गाडी थांबवून उतरताना चावी सोबत घ्या. सनरूफलाही हेच लागू, आणि त्यातून मुलांना उभं करू नका. बंद होणारी काच आणि अचानक लागणारा ब्रेक, दोन्ही धोके तिथे एकत्र येतात.

काका आता काच वर घेण्याआधी मागे वळून बघतात आणि मोठ्याने म्हणतात, "हात आत!" भाचीला तो खेळच वाटतो. ती दोन्ही हात डोक्यावर ठेवून ओरडते, "आत!" मगच काच वर जाते.