गालावरचे डाग आणि मामीची ट्यूब

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. सहावा महिना संपत आलाय, आणि आजचा विषय आहे... माझा चेहरा! हसू नका.

तसा तो आधीपासूनच दुटप्पी. कपाळ, नाक, हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे ठणठणीत. त्यात आता दोन्ही गालांवर वांगाचे डाग. डोहाळजेवणाची यादी करायला आलेल्या मामीने ते पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी एक ट्यूब आणून दिली. "माझे महिन्याभरात गेले बघ." मीही रोज रात्री इमानेइतबारे लावत होते.

नवव्या दिवशी सहज खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. शोधून वाचलं आणि हातपायच गळाले. रात्रभर पोटावर हात ठेवून जागी होते.

सकाळी डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "आजपासून बंद. त्वचेतून ट्रेटिनॉइन रक्तात फार थोडं जातं, आठ दिवस लावलंत म्हणून घाबरू नका. पण त्याच जातकुळीतल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून गरोदरपणात हे क्रीमही नको. हायड्रोक्विनोन तर त्वचेतून बरंच आत जातं." वांग हार्मोन्समुळे येतात, उन्हाने गडद होतात आणि बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे हळूहळू फिकट होतात, हेही सांगितलं. हुश्श!

आता साधा कारभार. दोन वेळा सौम्य फेसवॉश. गालांना भरपूर मॉइश्चरायझर, नाका-कपाळाला उरलेला हात. बाहेर पडताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि छत्री. पुटकुळ्या वाढल्याच तर ॲझेलिक ॲसिड चालतं, पण तेही डॉक्टरांना विचारून. आईचा डाळीच्या पिठाचा लेपही बंद केलाय. घरचा असला तरी त्यातल्या लिंबाने गाल चुरचुरतात.

मामी, तू हे वाचशीलच. रागावू नकोस गं. तू मायेने दिलीस, मी विश्वासाने लावली. चुकलं एवढंच, की बारीक अक्षरं दोघींपैकी कुणीच आधी वाचली नाहीत. डोहाळजेवणाला नक्की ये. फोटोत डाग दिसतील, दिसू देत.

आत्ताच आतून एक लाथ बसली. बहुतेक पटलेलं दिसतंय!