गाडी चालत होती म्हणून मी चालवत राहिलो

डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं म्हणजे बॅटरी उतरली, असा माझा कित्येक वर्षं समज होता. गाडी शिकताना क्लच, गिअर, आरसे सगळं शिकलो. या चिन्हांबद्दल मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं. या अज्ञानाची किंमत सातपुड्याच्या रस्त्यावर मोजावी लागली, आणि तेव्हा गाडीत मी एकटा नव्हतो, माझ्या घरची माणसं होती. म्हणून काय काय चुकलं ते लपवून न ठेवता लिहितो आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघालं की देवगोईचा घाट लागतो. मोलगीच्या पुढे काठी. एकेकाळचं संस्थान असलेलं हे गाव त्याच्या राजवाडी होळीसाठी महाराष्ट्रातच नाही, तर गुजरात आणि मध्य प्रदेशातही माहीत आहे. उंच बांबूचा दांडा रात्री उभा करतात आणि होळी पेटते ती पहाटे. तोवर रात्रभर ढोल वाजत असतात, मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरं बांधलेले नाचणारे फेर धरून नाचत असतात. त्या रात्री या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकली यांची रांग लागलेली असते. माझे साडू पुण्याहून मुलांना घेऊन मुद्दाम ही होळी बघायला आले होते. माझ्या जुन्या डिझेल गाडीत आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो आणि संध्याकाळी निघालो.

घाट चढून वर आल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला. बायकोच्या तो आधी लक्षात आला. “अहो, हा कसला दिवा?” तिनं विचारलं. “बॅटरीचा. जुनी झालीय. उद्या बघू,” मी म्हणालो. गाडी व्यवस्थित पळत होती. पण स्टिअरिंग जड लागायला लागलं. गाडीत माणसं जास्त आहेत म्हणून असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पुढे तापमानाचा काटा वर चढू लागला. त्याचं कारण मी चढाला दिलं. प्रत्येक खुणेला माझ्याकडे एक वेगळं उत्तर तयार होतं, आणि तिन्ही खुणा मिळून एकच गोष्ट सांगत असतील, हा विचार मला शिवलाही नाही.

खरं तर बॅटरीचं ते चिन्ह बॅटरीबद्दल फार थोडं सांगतं. बॅटरी चार्ज होत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. चार्जिंग करतो अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री अजूनही डायनामा म्हणतात, आणि तो इंजिनच्या पुढच्या बाजूच्या रबरी पट्ट्यावर फिरतो. माझ्या गाडीत त्याच एका बेल्टवर स्टिअरिंगचा पंप होता आणि इंजिनात पाणी खेळवणारा वॉटर पंपही होता. बेल्ट तुटला त्या क्षणी चार्जिंग थांबलं म्हणून लाल दिवा लागला. स्टिअरिंगची मदत गेली म्हणून ते जड झालं. पाणी फिरायचं थांबलं म्हणून इंजिन तापू लागलं. सगळ्याच गाड्यांत वॉटर पंप या बेल्टवर नसतो. पण आपल्या गाडीत कुठे आहे हे माहीत नसेल, तर बॅटरीचा दिवा आणि वर चढणारा काटा एकत्र दिसताच थांबणं एवढंच शहाणपणाचं.

मी थांबलो नाही. मोलगी मागे टाकल्यावर काटा अचानक खाली आला आणि मला हायसं वाटलं. तो खाली आला होता कारण इंजिनातलं पाणी उकळून बाहेर गेलं होतं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. तो कोरडा पडला की काटा फसवतो. त्या खोट्या दिलाशावर मी गाडी तशीच पुढे रेटली. मग बॉनेटमधून वाफ आली, जोर कमी होत गेला आणि चढावर इंजिन बंद पडलं.

त्यानंतर माझ्या हातून सगळ्यांत धोक्याची चूक झाली. ओलं फडकं घेऊन मी रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते १०० अंशांना उकळत नाही. १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत पाणीच राहतं. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि त्या पाण्याची एकदम वाफ होते. आत शिल्लक होतं तेवढं माझ्या हातावर उसळलं आणि कोपरापर्यंत कातडी भाजली. मुलं मागेच उभी होती. ती दोन पावलं पुढे असती तर काय झालं असतं, हा विचार आजही मला सोडत नाही.

मागून येणाऱ्या जीपवाल्याने गाडी बाजूला घेतली. बोलण्याआधी त्याने आमच्या मागच्या चाकांना दगड लावले, मग टॉर्च मारून इंजिनमध्ये पाहिलं. “सर, यात बेल्टच नाही. गाडी इथवर आणली कशी?” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. मी पाण्याची बाटली उचलली तेव्हा त्याने माझा हात धरला. लालबुंद तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो, हे मला त्याच्याकडून कळलं. घरच्यांना त्याने जीपमधून काठीला पोचवलं, आणि मला मलमपट्टीसाठी मोलगीच्या दवाखान्यात. पुढे हेड गॅस्केट जळाल्याचं निघालं, वाकलेलं हेड तासून घ्यावं लागलं. नव्या बेल्टला काहीशे रुपये लागले असते. त्याच्या जागी माझी कित्येक महिन्यांची बचत गेली.

एवढं झाल्यावर मी सगळ्याच दिव्यांची माहिती करून घ्यायला हवी होती. मी फक्त बॅटरीच्या दिव्याची घेतली. त्यामुळे दुसरी चूक टळली नाही.

गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा हँडब्रेकचा, एवढंच मी धरून चाललो होतो. देवगोईचा घाट उतरताना वळणावर तो लुकलुकायचा आणि सरळ रस्त्यावर विझायचा. मी हँडब्रेक ओढून पुन्हा सोडायचो आणि पुढे जायचो. तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. डबीतली पातळी काठावर आली की वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं आणि दिवा क्षणभर पेटतो. म्हणजे ते लुकलुकणं सुरुवातीचा इशारा होता. कुणीतरी ऑइल भरायला सांगितलं, मी बाटली आणून भरलं, दिवा गेला, आणि काम झालं असं समजलो.

ऑइल कमी का झालं, हा प्रश्न विचारायचा राहिला. एकतर ते कुठूनतरी गळत असतं, नाहीतर ब्रेकचे पॅड झिजलेले असतात. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो, त्याच्या मागची मोकळी जागा ऑइल भरून काढतं आणि डबीतली पातळी उतरते. माझे पॅड संपत आले होते. वरून ऑइल भरून मी तो इशारा बुजवून टाकला. शिवाय डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरण्याची माझी सवय होती. त्यामुळे गाडी रोखायचं सगळं काम ब्रेकवर पडत होतं.

एका दुपारी उतारावर पेडल मऊ पडलं आणि जवळजवळ तळापर्यंत गेलं. खालचा गिअर टाकत, हँडब्रेक हळूहळू ओढत मी गाडी डोंगराच्या बाजूला घासत आणून थांबवली. दुसऱ्या बाजूला दरी होती. मिस्त्रीने दाखवलं, एका चाकाचा पॅड लोखंडापर्यंत गेला होता आणि डबीतलं जुनं ऑइल काळपट पडलं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात सतत दाबलेल्या ब्रेकजवळ एवढी उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आता ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरतो.

तिसरी चूक नव्या पेट्रोल गाडीत झाली. ती मला जास्त लागते, कारण तिथे मी अजाण नव्हतो. इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. मिस्त्रीने स्कॅनर लावला, एका सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसल्याचं निघालं आणि त्याने इग्निशन कॉइल बदलायला सांगितली. सुट्टीत बदलू, आत्ता फक्त दिवा घालव, असा आग्रह मी धरला. त्याने कोड पुसला, दिवा गेला. पुन्हा लागला, मी पुन्हा पुसून घेतला. कोड पुसताना बिघाड झाला त्या वेळचा वेग, तापमान, इंजिनवरचा भार यांची संगणकात जपलेली नोंदही पुसली जाते. म्हणजे दुखणं तसंच ठेवून मी त्याचा पुरावा घालवत होतो.

मग एकदा चढावर गाडी झटके देऊ लागली आणि तोच पिवळा दिवा लुकलुकू लागला. स्थिर पिवळा दिवा लवकर दाखवून घ्यायला सांगतो. लुकलुकणारा पिवळा दिवा अॅक्सिलरेटर सोडून सुरक्षित जागी थांबायला सांगतो. ठिणगी न पडल्याने न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. आतली जाळी वितळण्याइतकी उष्णता होते. मी मोलगीपर्यंत तशीच रेटली. एका कॉइलसाठी टाळाटाळ केली आणि कॉइलसोबत कन्व्हर्टरही बदलावा लागला.

या तिन्ही प्रसंगांत माझा निकष एकच होता: गाडी चालतेय ना, मग चालू दे. तोच निकष चुकीचा होता. इशाऱ्याचा दिवा गाडी बंद पडायच्या आधी लागावा, म्हणूनच तो बसवलेला असतो. गाडी अजून चालतेय म्हणजे नुकसान टाळायला अवधी शिल्लक आहे. तो अवधी किती, हे रंगावरून कळतं. लाल म्हणजे लगेच सुरक्षित जागा बघून थांबा. पिवळा म्हणजे सांभाळून चालवा आणि लवकर तपासून घ्या. हिरवा आणि निळा फक्त काय चालू आहे ते सांगतात. ही चिन्हं आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली असल्यामुळे कंपनी बदलली तरी बहुतेक अर्थ बदलत नाही.

लाल दिव्यांतही तेलाच्या किटलीचं चिन्ह सगळ्यांत कडक समजा. ते ऑइलचा दाब गेल्याचं सांगतं. दाबाशिवाय इंजिनमधले बेअरिंग धातूवर धातू घासत फिरतात आणि काही क्षणांत इंजिन जाम होऊ शकतं. तिथे पुढच्या गावापर्यंतसुद्धा जायचं नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, थोडं थांबून सपाट जागेवर डिपस्टिकने पातळी बघा. उतारावर डिपस्टिक चुकीची पातळी दाखवते. ऑइल पुरेसं असूनही दिवा लागत असेल, तर गाडी ओढूनच न्यायची. तापमानाचा काटा लाल खुणेकडे जाऊ लागला तर एसी बंद करून लगेच थांबा, इंजिन बंद करा, आणि रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका.

न लागणाऱ्या दिव्याकडेही लक्ष द्यायला मी शिकलो. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी इशाऱ्याचे दिवे पेटले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. ते दिवे शाबूत आहेत याची गाडी तेव्हा खात्री करून देत असते. ऑइलचा, इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा त्या वेळी पेटतच नसेल, तर तो निकामी झाला असेल किंवा कुणीतरी मुद्दाम काढून टाकला असेल. जुनी गाडी घेताना हे आधी बघावं.

काठीच्या वाटेवर हे सगळं जास्त महत्त्वाचं ठरतं. मोलगीत पंक्चर निघतं, किरकोळ काम होतं, पण मोठ्या कामाला अक्कलकुवा, तळोदा किंवा नंदुरबार गाठावं लागतं. मधल्या वळणांवर फोनला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून घाटाच्या पायथ्याशी मी पाणी, ऑइल, ब्रेक ऑइल आणि बेल्ट बघून घेतो. गाडीत कूलंटचा डबा, टॉर्च, परावर्तक त्रिकोण आणि चाकाला लावायला दोन ठोकळे ठेवतो. पिवळा दिवा लागलेला असेल तर घाट चढत नाही, सरळ जीपने जातो.

सगळ्यांत उशिरा कळलं ते हे की, दिवा बघून पुढे जायचं ठरवतो एकटा ड्रायव्हर, पण परिणाम गाडीतल्या सगळ्यांना भोगावा लागतो. त्या रात्री माझ्या बायकोने दिवा माझ्याआधी पाहिला होता आणि मी तिचा प्रश्न उडवून लावला. आता गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी सांगून ठेवतो: लाल काही दिसलं तर मोठ्याने सांगा, मी थांबेन. घरातल्या मुलांना चिन्हांचं ते पुस्तक वाचायला दिलं आहे. आपल्याही गाडीतलं पुस्तक आज बाहेर काढा, शेजारी बसणाऱ्या माणसासोबत चाळा, आणि दिवा दिसला तर थांबायला सांगण्याचा हक्क त्यालाही द्या.